रस प्या, आंबवू नका

कोकणात रिफायनरी येऊ नये म्हणून माणसं बारसूच्या सड्यावर आडवी झाली. आमच्याकडं रिफायनरी बंद झाली तेव्हा नेमकं कशापुढं आडवं व्हायचं, हेच कुणाला उमगेना. आमची रिफायनरी म्हणजे साखर कारखान्याची डिस्टिलरी, आणि तेलविहीर म्हणजे माळेगाव-सोमेश्वरपासून भवानीनगरपर्यंतचा उभा ऊस.

२०१८ पासून केंद्रानंच व्याजात सूट देऊन, पेट्रोलात मिसळायच्या इथेनॉलसाठी देशभर डिस्टिलऱ्या वाढवायला लावल्या. शेतकरी आता ऊर्जादाता, असं भाषणांतून ऐकून आमची छाती फुगली. मग ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, त्याच केंद्राचा हुकूम आला: उसाच्या रसाचं इथेनॉल करू नका. पाऊस कमी, साखर महागेल. लोकसभा तोंडावर होती, पण तो योगायोग धरू. आठवडाभरात हुकूम सैल झाला. १७ लाख टन साखरेइतकीच सवलत, तीही देशभर वाटून.

त्या दिवसांत एमआयडीसीच्या फाट्यावर रसवंतीपाशी थांबलो होतो. पाळी सुटलेल्या एका कामगारानं ग्लास उजेडात धरला.

"अण्णा, हा प्यायला चालतोय ना?"

"पी की. फकस्त आंबवू नको, दिल्लीची परवानगी लागंल."

चरकाचे घुंगरू वाजत राहिले. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या गाणी लावून गेल्या, साखर व्हायला.

पुढच्या हंगामासाठी बंदी उठली ऑगस्ट २०२४ अखेरीस. तेव्हा धुराडी थंडच होती.