सेन्सरखाली वॉशर सरकवणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,



आमच्या पिकअपचं इंजिन तुम्ही बदलून दिलंत. क्लच, माउंटिंग, पाइप, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, ही आठवणही तुम्हीच करून दिलीत. हाताला एवढं कसब असलेला माणूस क्रँक सेन्सरपाशी आल्यावर अशी लबाडी करतो, याचाच जास्त संताप येतो.

दुसऱ्या गॅरेजमध्ये तो सेन्सर काढला तेव्हा मी शेजारी उभा होतो. बोल्टखाली एकावर एक दोन वॉशर. सेन्सरचं टोक एका बाजूने घासून चकचकीत झालेलं. म्हणजे पहिल्यांदा बसवलात तेव्हा तो दात्यांना घासला, आणि ते तुम्हाला कळलं. का घासतोय हे पाहायला पाच मिनिटंही लागली नसती. तो जुन्या इंजिनाचा सेन्सर होता, नव्याच्या मानाने लांब. दोन्ही शेजारी ठेवून व्हर्नियर लावला असता तर लगेच दिसलं असतं. तुम्ही वॉशर सरकवलेत आणि काम उरकलंत.

क्रँकसोबत फिरणाऱ्या दातेरी चाकावर ६० दात्यांची जागा असते, त्यातले २ मुद्दाम वगळलेले. ती मोकळी जागा समोरून गेली की क्रँक कुठे आहे हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, कळतं, आणि त्यावरून डिझेल कधी मारायचं हे ठरतं. सेन्सरच्या आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. दाता जितका जवळून आणि वेगाने जाईल, तितका सिग्नल जोरकस. स्टार्टर मारताना इंजिन मिनिटाला जेमतेम २००-२५० फेरे घेतं, म्हणजे सिग्नल तेव्हा मुळातच दुबळा. त्यात तुम्ही अंतर वाढवलंत. पहाटे बॅटरी गार पडलेली असताना इंजिन फिरतंय याचाच पत्ता ईसीएमला लागत नव्हता, मग तो डिझेल सोडणार कसा? तापलेलं इंजिन मात्र चटकन फिरतं आणि लागतं. तुम्ही भर दुपारी ट्रायल देऊन चावी माझ्या हातात ठेवलीत. पहाटे बोलावून दाखवायची हिंमत का झाली नाही?

तक्रार घेऊन आलो तर ‘ईसीएम गेलाय’ म्हणालात. स्कॅनरवर पी०३३५ आला होता. तो कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. तुम्ही तो पुसलात आणि मला ईसीएमचा खर्च सांगितलात. ही चूक नाही मिस्त्री, ही फसवणूक आहे.

पहाटेचा खोळंबा मी सोसला असता, नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटपाशी ताटकळणंही सोसलं असतं. पण वॉशरच्या उतरंडीवर तो सेन्सर नीट टेकलाच नव्हता. हादऱ्यांनी बोल्ट सैल झाला, सिग्नल तुटला आणि माळशेजच्या उतारावर भरल्या गाडीचं इंजिन बंद पडलं. इंजिन थांबलं की व्हॅक्यूम पंप थांबतो, ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. चालवत होता माझा धाकटा भाऊ. त्याने हँडब्रेक ओढत, खालच्या गिअरमध्ये गाडी डोंगराच्या कडेला घातली. दुसरी बाजू कोणती असते, हे त्या घाटातून गेलेल्याला सांगायला नको.

दुरुस्ती किती साधी होती तेही ऐका. या इंजिनाचा योग्य लांबीचा सेन्सर आणला, बसायची जागा घासून स्वच्छ केली, वॉशर फेकले. चुंबकाला चिकटू नये म्हणून पितळी फिलर गेज घेऊन अंतर मोजलं, ते मिलिमीटरभर भरलं. मग पान्याने क्रँक हाताने पूर्ण फेरा फिरवून, एकही दाता घासत नाही ना, हे पाहिलं. अल्टरनेटरच्या जाड वायरला तुम्ही टेप मारून बांधलेली सेन्सरची वायर सोडवून लांबून नेली. स्टार्टर मारला, लागली.

पैसे परत मागायला हे पत्र नाही. याच जातीची इंजिनं तुम्ही आमच्या भागातल्या आणखी गाड्यांना बसवली आहेत. त्या गाड्या परत बोलवा. सेन्सर काढा, खाली वॉशर असतील तर मालकाला दाखवा आणि स्वतःच्या खर्चाने नीट करून द्या. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही त्या वेळी शेजारी उभं करा. त्यांतल्या बऱ्याच गाड्या रात्री भरून याच घाटाने कल्याणकडे उतरतात.

आपला,
एक पिकअपवाला