कुठले साठे?

वयनी, काल तिन्हीसांजेला तुम्ही तुळशीकडे दिवा लावत होतात तेव्हा आमच्या घरातून जो आवाज आला ना, तो ट्रकचा हॉर्न नव्हे हो. खाणीचे ट्रक आता पूर्वीइतके कुठे उरलेत आपल्या पाळी गावात? तो सॅक्सोफोन. आमच्या भावोजींचं पार्सल आलं, ऑस्ट्रेलियाहून. आत किती वस्तू? एक. तबकडी. नाव काय, तर ‘कोंकण डान्स’. जाऊबाई म्हणाल्या, कोकणातला नाच ऐकायला ऑस्ट्रेलियाला पैसे धाडायचे? शिगम्याला रोमट दारात येतं, ते फुकट असतं.

भावोजी बोलले नाहीत. ते बोलत नाहीतच. प्लास्टिक काढतात, तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरतात, मधल्या कागदाच्या कडेला खरवडलेला नंबर भिंगातून वाचतात. आधी नंबर, मग गाणं. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ऑफिसातलं काम संपलं, तेव्हा माणूस घरात बसून खुळा होईल अशी आम्हांला धास्ती होती. त्याच साली नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक कोणी तरी पणजीहून आणून दिलं. मुंबईतल्या जॅझचा सगळा इतिहास, आणि सोबत एक सीडी. झालं. तेव्हापासून हे चाललंय. धास्ती वाटत होती त्याहून वेगळ्या प्रकारे खुळे झाले, एवढंच.

पण माणूस कोण ते तर ऐका. आमान्सियु डिसिल्वा. आईबाप गोंयकार, जन्म मुंबईत, 1936 सालचा. गिटार वाजवायचा. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी वाजवणं ऐकून त्याला गिब्सनची गिटार घेऊन दिली म्हणे. 1967 साली लंडनला गेला. बायको आयरिश. हो, मीही तेच विचारलं, कुठं भेटली म्हणून. पण भावोजींना घरातली गोष्ट विचारली की ते स्टुडिओचं नाव सांगतात. 1969 मध्ये याच्या दोन तबकड्या निघाल्या. एक ‘इंटिग्रेशन’, दुसरी ‘हम दोनो’. देव आनंदचा नव्हे हो! जमैकाहून लंडनला आलेला जो हॅरियट नावाचा सॅक्सोफोनवाला आणि हा आपला डिसिल्वा, हे ते दोघे. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ म्हणून एक चीज आहे. मी ऐकली. रडू यावं अशी नाही, पण हात धुवायचे राहिले तसेच.

आणि ही काल आलेली? ती त्यानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या स्टुडिओत वाजवली आणि कंपनीनं कपाटात ठेवून दिली. माणूस 1996 साली गेला. 2006 मध्ये व्होकॅलिअन नावाच्या कंपनीनं तिची सीडी काढली, आणि मागाहून ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीनं काळी तबकडी. नाव कोंकण, पण वाजवणाऱ्यानं ती दुकानात पाहिलीच नाही. आपली माणसं मुंबईला गेली, मुंबईहून पुढे गेली, आणि त्यांनी तिकडे काय केलं ते कळायला आपल्याला आता टपालखर्च भरावा लागतो. जाऊबाईंचं दुखणं टपालखर्चाचं आहे. माझं तेवढंच नाही.

थांबा हं, पाववाला पोदेर आला. चार पोयो दी रे! वयनी, तुम्हांला उंडे? बरं.

तर काय सांगत होते? नावं. भावोजींची खरी शोधाशोध तबकड्यांची नाहीच, नावांची आहे. त्यांच्याकडे आणखी एक आहे, 1966 ची, ‘इंडो-जॅझ स्वीट’. तोच हॅरियट आणि कलकत्त्याचा जॉन मेयर. त्यात तबल्यावर केशव साठे. कुठले साठे म्हणता? विचारणार हे ठाऊकच होतं मला. सासूबाईंनीही तेच विचारलं. मुंबईचे. लंडनला गेले आणि तिकडच्या जॅझवाल्यांना तबला लागला की बोलावणं यांनाच. पुढच्याच वर्षी जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’ झालं, आयरीन श्वाइट्सर नावाची स्विस बाई पियानोवर, तिथंही तबल्यावर साठेच. आपल्याकडे एखादा साठे रत्नागिरीहून सांगलीला गेला तर चार पिढ्यांचा हिशेब तोंडपाठ. हा माणूस जगभर वाजवून आला, पण आपल्या घरांत कोणाला पत्ता नाही.

आणि त्याच ‘स्वीट’मध्ये तंबोऱ्यावर कोण? कव्हरावर छापलंय ‘चंद्रहास पैंगणका’. बघा, तुम्हीही हसलात! भावोजी म्हणतात, हा पैंगणकरच असणार, शेवटचा ‘र’ साहेबानं खाल्ला. मूळ काणकोणातल्या पैंगीणचा. त्यांचा तर्क आहे, पुरावा नाही. काणकोणात आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून झालाय. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमच्यात एक चंद्रहास होता, पण तो बँकेत.

परदेशात निदान र खाऊन का होईना नाव छापलं. इथं काय? जुन्या सिनेमाच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या बघा. वर सिनेमाचं नाव, संगीतकाराचं, गाणाऱ्याचं. खाली वाजवलं कोणी ते नाही. आल्दोनचा आंतोन शाविएर वाझ, चिक चॉकलेट या नावानं मुंबई गाजवली, लोक त्याला हिंदुस्तानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो आपल्या सी. रामचंद्रांच्या हाताखाली वाजवायचा. चितळकर अण्णा पुणतांब्याचे, हा बारदेशचा, आणि दोघांच्या पायी ‘अलबेला’त भगवानदादा नाचले. 1951 सालचा सिनेमा. चिक तर त्यात पडद्यावरही दिसतो, सगळ्या बँडसकट. आता भावोजी काय करतात? ‘अलबेला’ची तबकडी घरात असताना दुसरी आणली, कारण पहिलीवर ट्रंपेट येतो तिथं नेमका चरा आहे. लता मंगेशकरांच्या आवाजावर एक चरा नाही, तरी ती तबकडी बाद! ट्रंपेट आला की बोट वर करतात. मग बोट खाली. बाकीचं गाणं म्हणजे त्यांच्या लेखी दोन बोटांमधली वाट.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तसेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि शिष्यानं ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या गाण्यात गुरूचं नाव घालून टाकलं. म्हणून ते आज पोराटोरांना ठाऊक. नाही तर लेबलावर कोण विचारतोय?

पहिली छपाई की पुन्हा काढलेली, यावरून मात्र माझं आणि भावोजींचं जमत नाही. त्यांचे ते मुंबई-पुण्याचे मित्र फोनवर तासन्तास बोलतात: लेबल निळं की हिरवं, छापली डमडमच्या कारखान्यात की इंग्लंडात, कव्हर जाड की पातळ. मी म्हणते, नव्यानं काढलेली स्वस्त पडते, खरखर करत नाही, आत चार पानी माहिती असते, वाजवणाऱ्यांची नावं असतात. आणखी काय हवं? ते म्हणतात, वयनी, तुम्हांला नाही कळायचं. आपल्या पावसात जुन्या कव्हरांवर बुरशी चढते ती मात्र मलाच पुसावी लागते. ते कळतं.

एक मात्र त्यांनी सांगितलं आणि मी त्या दिवशी गप्प झाले. केसरबाई केरकर माहीत ना? केरीच्या. नव्हे, सत्तरीतली केरी नव्हे, पेडण्यातलीही नव्हे. फोंड्यातली. 1977 मध्ये अमेरिकेनं ती व्हॉयेजर यानं आकाशात सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली, पृथ्वीवरचे आवाज म्हणून. त्यात केसरबाईंची भैरवी आहे. आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा ‘मेलन्कली ब्लूज’, 1927 चा! पण भैरवीची ती रेकॉर्ड अमेरिकेत मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. न उघडलेल्या. म्हणजे ते आकाशवालेही आमच्या भावोजींसारखेच टेबलांखाली वाकले होते. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि केसरबाई 16 ला गेल्या. त्या सोनेरी तबकडीचीही चाळीस वर्षांनी ओझ्मा नावाच्या कंपनीनं लोकांसाठी प्रत काढली. जाऊबाईंनी किंमत विचारली. भावोजींनी चष्मा पुसायला घेतला.

काय म्हणालात? ट्रंक? तुमच्या मामांची, मुंबईहून आणलेली, माळ्यावर? आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय! आत तबकड्या आहेत? वजनदार, पडली की फुटणाऱ्या? मग 78 च्याच. हात लावू नका. नाही, पुसायला तर मुळीच नको. त्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिचोलीला आमच्याच एका नातेवाईकांनी करोनातलं सॅनिटायझर उरलं म्हणून घासून घासून पुसल्या. वरून लखलखीत, आत गाण्याचा पत्ता नाही. ओला फडका चालतो, साध्या पाण्याचा, तोही भावोजींना विचारून. एकावर एक रचल्या असतील तर उभ्या करायच्या आहेत, पण ते तेच करतील.

इंग्रजी असल्या तर अधिकच बरं. बाहेरच्या देशांत 78 बंद झाल्या तरी आपल्याकडे साठच्या दशकातही निघत होत्या, म्हणून बीटल्सच्या इथं छापलेल्या 78 साठी परदेशातले लोक वेडे होतात. मामा गोंयकारांच्या कुठल्या कुडात राहायचे म्हणालात? धोबीतलावला? मग तर ताज हॉटेल फार लांब नाही, आणि आजूबाजूला सगळे बँडवाले. नाही हो, मी काही म्हणत नाही, नुसतं सांगतेय.

आज साखळीचा भंगारवाला आला तर ट्रंकेचं नाव काढू नका. तुमच्या धाकट्यालाही बजावा, परवा त्यानं पितळेची समई दिली होती त्याला. भावोजी आंघोळीला गेलेत. आले की शिडी घेऊन धाडते. चहा टाकू नका, ते पिणार नाहीत. आधी नंबर वाचतील.