गार्डकाका

परभणीच्या माणसाला परगावची कुठलीही गोष्ट दाखवा, तो आधी ती नीट बघतो, मग मान हलवतो आणि मग परभणीत तसलंच काय आहे ते सांगतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण बाहेरचे लोक आमची टिंगल करायला वापरतात. आमचे गार्डकाका तिला सरकारी परिपत्रक मानतात. न्यूयॉर्कचा त्यात उल्लेख नाही, हा न्यूयॉर्कचा दोष.

काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. २०२२ साली रेल्वेने गार्डाचं 'ट्रेन मॅनेजर' असं बारसं केलं, तेव्हा काका घरी बसून बरीच वर्षं झाली होती. तरी नव्या हुद्द्याची थकबाकी मिळते का, याची चौकशी त्यांनी नांदेडला जाऊन केली. गार्डाची जागा गाडीच्या शेपटाला, म्हणून काका आजही सगळ्यांच्या मागे चालतात. मोटारीत पुढच्या सीटवर बसत नाहीत. मागे बसून, माणसं मोजून, "ऑलराइट" म्हणतात, आणि ते म्हणेपर्यंत मोटार हलवायची नाही, असा नियम, गेल्या उन्हाळ्यात काका-काकू आमच्याकडे आले तेव्हा, आमच्या इंडियानापोलिसच्या घरात लागू झाला होता.

न्यूयॉर्क, नायगारा बघून झाले होते. आता त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल सोयाबीन. काका काचेतून बघत म्हणाले, "सोयाबीन बघायला एवढं तिकीट काढून कामून आणलंस बे? जिंतूर रोडला काय कमी हाय?" म्हणून मग टेरे होटला जायचं ठरलं. इंडियानापोलिसच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आत, वॉबॅश नदीच्या काठचं हे गाव. कोका-कोलाची ती जगप्रसिद्ध कंबरेची बाटली इथे जन्मली, आणि तिथल्या व्हिगो काउंटी हिस्ट्री सेंटर या संग्रहालयात तिची कहाणी मांडून ठेवली आहे.

"बाटलीचं म्युझियम?" काका म्हणाले. "आतला माल पिऊन झाल्यावर उरलेलं?"

माहिती सांगायला एक आजीबाई होत्या. काकांचं इंग्रजी रेल्वेच्या नियमपुस्तकातलं, त्यामुळे ते प्रश्न विचारत नसत, खुलासा मागवत. आजीबाईंनी सांगायला सुरुवात केली. १९१५ साली नकली कोला विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा बाटली भरणाऱ्या कारखानदारांनी काचवाल्यांपुढे अट ठेवली. बाटली अशी पाहिजे की अंधारात हाताला कळावी, आणि फुटून जमिनीवर पडली तरी तुकड्यांवरून ओळखावी.

काकांनी माझा तर्जुमा मधेच थांबवला. "हिला सांग, आमच्या गोटी सोड्याची बाटली बहिऱ्यालाबी ओळखू येते, आंधळ्यालाबी. आन् फुटली तर तुकडे कोण बघतंय? पोरं गोटी घेऊन पळतात."

मी सांगितलं. आजीबाईंना ती बाटली माहीत होती. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, ती इंग्लंडातून केव्हाच नाहीशी झाली, म्हणाल्या. परभणीत बोटाने गोटी दाबून ती अजून फोडतात, हे ऐकून त्यांनी डोळे मोठे केले. काकांनी भिंतीवरच्या सगळ्या बाटल्यांकडे एकदा बघून घेतलं. पहिला गुण परभणीला.

पुढची हकिकत त्यांना फारच आवडली. रूट ग्लास कंपनीची माणसं गावच्या ग्रंथालयात गेली. पेयाच्या नावात कोका आहे, कोला आहे, त्यांचं पान किंवा फळ कसं दिसतं ते बघू, म्हणून विश्वकोश उघडला. चित्र सापडलं ते कोकोच्या शेंगेचं. फुगीर, उभ्या रेषांची. कोकोचा त्या पेयाशी काडीचा संबंध नाही. अर्ल डीन नावाच्या साचेकाराने त्या शेंगेवरून बाटली काढली.

"म्हंजे रिझर्वेशन मनमाडचं," काका म्हणाले, "आन् बसले मुदखेडच्या गाडीत. तरी पोचले!"

पहिला नमुना मधे इतका फुगला होता की कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर उभाच राहीना. मग पोट कमी करून ती बारीक केली. इथे आतापर्यंत गप्प असलेल्या काकूंनी काकांच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणाकडे पाहिलं. "बघा," एवढंच म्हणाल्या. काकांना त्या वेळी छताची पाहणी करायची होती.

१६ नोव्हेंबर १९१५ ला पेटंट मिळालं ते अलेक्झांडर सॅम्युएलसन या वरिष्ठाच्या नावावर. "साचा खालच्यानं केला, सही वरच्याची," काका म्हणाले. "हे रेल्वेच हाय."

पण खरी गंमत पुढे होती. कंपनी डीनला म्हणाली, बक्षीस म्हणून पाचशे डॉलर घे, नाहीतर जन्मभराची नोकरी घे. डीनने नोकरी घेतली.

काका सरळ उभे राहिले. बाटलीसमोर इतका वेळ मागे बांधलेले हात खाली आले. "परमनंट?"

"हो."

"हुशार माणूस!" न्यूयॉर्कच्या पुतळ्याने, नायगाराच्या पाण्याने जे साधलं नव्हतं ते या साचेकाराने साधलं. परभणीबाहेरचा एक माणूस काकांनी आपल्यातला म्हणून मान्य केला. "पेन्शन होती का, विचार. प्रॉव्हिडंट फंड?" आजीबाईंना ते सांगता येईना. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ओवेन्स-इलिनॉय या कंपनीने रूटचा कारखाना विकत घेतला आणि डीनची जन्मभराची नोकरी तिथेच संपली, एवढं त्या म्हणाल्या.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग निदान केलं, "युनियन नसंल."

आता आजीबाई खुलल्या. युनियन? अहो, यूजीन डेब्स याच गावचा! रेल्वेत इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा पोरगा, १८९३ साली अमेरिकन रेल्वे युनियन काढली, पुढच्याच वर्षी पुलमनचा संप गाजवला, तुरुंगात गेला. पुढे पाच वेळा अध्यक्षपदाला उभा राहिला, त्यातली १९२० ची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगात बसून लढवली. अटलांटा म्हणजे कोका-कोलाचंच गाव.

इथे काकांविषयी थोडं सांगायला हवं. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात काका पूर्णा जंक्शनला क्लार्क होते, जेमतेम बाविशीतले. संपात गेले आणि नोकरीवरून गेले. पुढची तीन वर्षं परभणीत मिळेल ते काम केलं. त्याविषयी ते बोलत नाहीत, काकू बोलतात. १९७७ ला जनता सरकार आलं. रेल्वेमंत्री मधू दंडवत्यांनी काढलेल्यांना परत घेतलं, त्यात काकाही आले. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि परकीय कंपन्यांनी भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणावं या कायद्यावरून कोका-कोला देश सोडून गेली. काकांच्या हिशेबात ही एकच ऑर्डर आहे. "एकाच साली," ते अजून सांगतात, "मला आत घेतलं आन् कोकाकोलाला भायेर काढलं."

म्हणून काका उभ्या जन्मात कोक प्यायले नव्हते. जॉर्जसाहेबांचा शब्द. आजीबाईंना त्यांनी हे सगळं सविस्तर सांगितलं, मी तर्जुमा करत होतो. शेवटी विचारलं, "तुमचा डेब्स तुरुंगातून उभा राहिला. निवडून आला का?"

"नाही. पण नऊ लाखांच्या वर मतं मिळाली."

"आमचा आला. मुजफ्फरपूरहून, तुरुंगातून!" काका म्हणाले. मुजफ्फरपूर परभणीत नाही, हे मी बोललो नाही.

जाता जाता आजीबाई फॅन्टाबद्दल काही सांगत होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून कोकचा अर्क येईना, म्हणून ते पेय जर्मनीत तयार झालं. "बघ," काका मला कोपराने ढोसत म्हणाले, "जगात जर्मनी." आणि त्या बाईंकडे अपेक्षेने पाहू लागले. बाईंना पुढचा अर्धा भाग येत नव्हता.

परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपाच्या दुकानात थांबलो. काकूंना तहान लागली होती, त्यांनी काचेच्या बाटलीतलं कोक घेतलं. काका पाणी प्यायले. परभणीला गेल्यावर थम्सअप पिईन, म्हणाले, ७७ सालचं, अस्सल देशी. मला राहवलं नाही. काका, म्हटलं, १९९३ ला कोक परत आलं तेव्हा पार्लेच्या चौहानांनी थम्सअप त्यांनाच विकलं, लिम्का आणि गोल्ड स्पॉटसकट.

काकांनी दोन घोट पाणी प्यायला लागतील एवढा विचार केला. "आमचं डिव्हिजन हैदराबादचं नांदेडला गेलं," ते म्हणाले, "म्हणून गाडी बदलली का? निस्ता शिक्का बदलला." आणि काकूंच्या हातून बाटली घेऊन उरलेली संपवली.

मग रिकामी बाटली घेऊन ते काउंटरवर गेले. डिपॉझिट मागायला. पोरगा म्हणाला, बाटली तुमचीच. काकांना वाटलं आपलं इंग्रजी कळलं नाही. पुन्हा मागितलं. इंडियानात बाटलीवर डिपॉझिटच नसतं, हे मी समजावलं तेव्हा ते मोटारीकडे येत पुटपुटले, "येळेवर परत घेतल्या असत्या तर म्युझियम काढायची पाळी आली नसती."

बाटली काकूंनी नळाखाली विसळून पिशवीत टाकली. करडईच्या तेलाला बरी पडेल, म्हणाल्या. तेलकट हातानंसुद्धा कमरेत धरायला येते, निसटत नाही.