आवाज कुणाचा?

आमच्या सोसायटीत एक कट्टर गाडीभक्त आहेत. विजेच्या गाडीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा अळणी आमटी भुरकल्यासारखा होतो. "आवाज नाही, गिअर नाही, ती गाडी कसली? मिक्सरलासुद्धा आवाज असतो!"

२०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये व्ही-८ जाऊन व्ही-६ हायब्रिड इंजिनं आली, तेव्हापासून ते सुतकात आहेत. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी मोटार विजेचीच होती, तीही १८९९ साली, हे त्यांना सांगू नये. २०१८मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा घाट फोक्सवॅगनच्या विजेच्या गाडीनं आठ मिनिटांच्या आत चढून सगळ्यांचा विक्रम मोडला, हे तर मुळीच सांगू नये. उत्तर ठरलेलं: "पण आवाज कुठंय?"

अशा भाविकांसाठी ह्युंदाईनं आयोनिक ५ एन काढली. गिअर नाहीत, तरी गिअर बदलल्याचा झटका बसतो. इंजिन नाही, तरी स्पीकर गुरगुरतात. श्रावणात मटणाच्या मसाल्यातला बटाटाच म्हणायचा!

आमचे भक्त स्वतः रोज हिंजवडीला जातात. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. तिसऱ्याची भेट फक्त रविवारी पहाटे. संध्याकाळी क्लचच्या पायाला बाम चोळत ते सांगतात, "ड्रायव्हिंगची खरी मजा यातच आहे राव!"

परवा ते जिना चढताना मला तो अस्सल, यांत्रिक आवाज ऐकू आला. डाव्या गुडघ्याचा होता.