सहा बाय बारा

अमेरिकेत मोटारसायकलवाल्यांची एक जात आहे, तिला मोटारसायकल चालवण्याची फारशी निकड नसते. ती ओळखायची दारावरून. मुलं कॉलेजात जातात, घराचं कर्ज फिटत येतं आणि गॅरेजात साडेआठशे पौंडांची हार्ले अवतरते. एखाद-दुसरा उन्हाळा गृहस्थ खरोखरच हिंडतात. मग कुठेतरी धो धो पावसात सापडतात, मोटेलच्या गादीवर कंबर धरते आणि पुढच्या वसंतात दारात एक पांढरा डबा येऊन उभा राहतो. सहा फूट रुंद, बारा फूट लांब, मागे जमिनीवर टेकणारं उताराचं दार, आत नुसतं प्लायवूड. कार्गो ट्रेलर म्हणतात त्याला. बागकामवाले त्यातून गवत कापायची यंत्रं नेतात. आमच्या शेजाऱ्यांना त्यात घर दिसलं. प्रवासात मोटारसायकल आत. मुक्कामी ती बाहेर आणि आपण आत.

आम्ही राहतो ओहायोतल्या कोलंबसला. गल्लीत या जातीचे आणखीही नग आहेत, पण शेजाऱ्यांची सर कोणाला नाही. घरात आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो. उभी हयात विम्याच्या कचेरीत आकडे तपासण्यात गेली. करवत हातात आली ती निवृत्तीनंतर. त्यामुळे काम सुताराचं, डोकं मात्र ऑडिटरचं. ट्रेलरच्या पाटीवर २,९९० पौंड असा आकडा आहे. भरलेल्या ट्रेलरचं वजन त्यापुढे जाता कामा नये. आकडा असा अर्धवट का, हे त्यांनी मला कुंपणापाशी गाठून समजावलं. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखानदार दहा पौंड अलीकडे थांबतात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं होतं. रिकामा डबा १,२०० पौंडांचा, हार्ले ८५० ची; उरले ९४०. तेवढ्यात त्यांनी संसार मांडला. गुलाबी फोमच्या पाट्या, लिथियमची बॅटरी, कॉफीची किटली, अगदी चमचेसुद्धा आधी काट्यावर चढले आणि मग आत गेले. बिडाचा तवा नापास झाला. काट्यावर न चढलेले एकटे मिस्त्रीच.

शिवाय वजन किती एवढ्यावर भागत नाही, ते कुठे हेही बघावं लागतं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, गाडीला जोडणाऱ्या हिचवर पडायला हवा. मागे जास्त झाला, तर हायवेवर ट्रेलर झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही आपल्याबरोबर नाचवतो. म्हणून हार्ले नेमकी कुठे उभी करायची यासाठी ट्रेलरच्या तळावर खडूच्या खुणा झाल्या, पुसल्या, पुन्हा झाल्या. त्यांच्या बायकोनं एवढा विचार लग्नाच्या वेळी झाला नव्हता असं सांगितलं.

सगळ्यांत थोर दिवस छताला भोक पाडण्याचा. पंख्याला चौदा इंची चौकोन लागतो. ज्या खोलीत दिवसभर पेट्रोलची टाकी होती तिथेच रात्री झोपायचं, तर हवा खेळायलाच हवी. आणि बंद डब्यात श्वासाची वाफ पत्र्याला धरून पहाटे नाकावर ठिबकते ती वेगळीच. हे सगळं मान्य. पण नव्याकोऱ्या, न गळणाऱ्या छताला आपल्या हातानं भोक पाडायला काळीज लागतं. मिस्त्री शिडीवर चढले. चार कोपऱ्यांना ड्रिल मारलं. उतरले, आत जाऊन ती चार छिद्रं खालून न्याहाळली, पुन्हा चढले, पुन्हा टेप लावली. तोवर गल्लीतली पुरुषमंडळी बियरचे डबे घेऊन जमली होती. आणि दुसऱ्याचं काम बघायला जमलेले पुरुष गप्प राहत नाहीत, मग गाव ओहायोतलं असो की ओतूर. "मध्ये आडवी पट्टी लागेल बघ," एक म्हणाला. "लागू दे, कापून टाक," दुसरा म्हणाला. छत त्याचं नव्हतं. शेवटी जिगसॉ घरघरली, पत्र्याचा चौकोन खाली पडला. मिस्त्रींनी आत जाऊन त्या भोकातून डोकं वर काढलं आणि टाळ्या पडल्या.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. तिचं बालपण गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेलेलं. मिस्त्री तिला हौसेनं ट्रेलर दाखवायला घेऊन गेले. ती सवयीनं चपला बाहेर काढून आत चढली. भिंतीला बिजागऱ्यांवर बसवलेला पलंग दिवसा वर कसा लावायचा, रात्री खाली कसा पाडायचा, याचं प्रात्यक्षिक झालं. पलंगाखालचे कप्पे झाले, कप्प्यांच्या मागचे कप्पे झाले.

"छान आहे रे," आई मला म्हणाली. "पण माणसं किती राहणार?"

"एकटेच."

"अगंबाई! मग एवढ्या जागेचं करायचं काय?"

इंग्रजीत सांगताना मी हे गाळलं. मग तिनं मोरीची चौकशी केली. मिस्त्रींनी शेगडीच्या ओट्याखालचं दार उघडून प्लॅस्टिकचा छोटा संडास अभिमानानं पुढे ओढला. "ओट्याखाली?" एवढंच म्हणून आई बाहेर आली आणि चपला शोधायला लागली.

पहिली स्वारी निघाली 'टेल ऑफ द ड्रॅगन'ला. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर, डील्स गॅपजवळचा हा रस्ता. अकरा मैलांत ३१८ वळणं. तिथं 'ट्री ऑफ शेम' नावाचं एक झाड आहे, त्यावर धडपडलेल्या मोटारसायकलींचे मोडके अवयव टांगलेले असतात. मिस्त्री पिकअपच्या एसीत बसून सुमारे चारशे मैल ट्रेलर ओढत गेले. हार्ले उतरवली, अकरा मैल गेले, अकरा मैल परत आले आणि जेवायच्या आत ट्रेलरपाशी हजर. बाकीचा मुक्काम दुसऱ्या ट्रेलरवाल्यांची बिऱ्हाडं पाहण्यात आणि आपलं दाखवण्यात गेला. त्यांनी मोटारसायकलला आठशे मैल वाहिलं, तिनं त्यांना बावीस. हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला तेव्हा ते म्हणाले, "पण पंखा काय चालला!"

कट्टर मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात. चोवीस तासांत हजार मैल तोडून आयर्न बट असोसिएशनचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे लोक ते. अशा लाडावलेल्या गाडीला त्यांच्या तोंडी 'ट्रेलर क्वीन' असं नाव आहे. पण साऊथ डकोटातल्या स्टर्जिसला १९३८ पासून मोटारसायकलींचा मेळा भरतो, तिथेही कितीतरी वाघ ट्रेलर ओढत येतात आणि गावाजवळ आल्यावर खोगिरावर चढतात. ते निदान लपवतात. मिस्त्री दार सताड उघडं टाकून बसतात. घर पाहावं बांधून ही त्यांची खरी हौस, मोटारसायकल हे निमित्त. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासलेल्या माणसाला स्वतः भोक पाडलेलं छत पावसात गळत नाही याचं अप्रूप असणारच.

मध्यंतरी ओट्याला एक कपाट वाढलं, गादी जाड झाली आणि आता आरसे काढल्याशिवाय हार्ले आत जात नाही. कपाट काढायचा विषय अर्थातच निघाला नाही. मिस्त्री सात बाय चौदाचा, दोन आसांचा डबा बघून आलेत. जुना विकायचाय. वायरिंग चोख, छत कोरडं, पंख्याबद्दल तर बोलायलाच नको. कोणाला हवा असेल तर कळवा. मोटारसायकल तेवढी बेताची घ्या.