टबधारी गृहस्थ

नोएडातील एक्सप्रेसवेलगतच्या उत्तुंग गृहसंकुलांत जी नानाविध मनुष्यजाती नांदते, तीत मराठी टबधारी गृहस्थ निरीक्षणास विशेष पात्र होय. उभी हयात सरकारी दप्तरात परक्यांच्या जमाखर्चावर लाल शाईचे शेरे मारण्यात घालवून, निवृत्तीनंतर पुत्राच्या आग्रहास्तव पुण्याहून येथे मुक्कामास आलेला हा सत्पुरुष, त्याच पुत्राने हौसेने गच्चीवर बसविलेल्या गरम पाण्याच्या टबाचा कारभार आपणहून शिरावर घेतो, आणि त्या दिवसापासून टबातील सुखाची जागा टबाची तपासणी घेते.

पाहुणा आला की चहापूर्वीच त्यास गच्चीवर रुजू व्हावे लागते. एक हजार लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे 1.16 युनिट वीज लागते. तस्मात् जानेवारीच्या धुक्यात 15 अंशांचे पाणी 38 अंशांवर नेणे म्हणजे 27 युनिटांची आहुती, हे गणित तो एखाद्या खटल्यातील पुराव्यासारखे मांडतो. परंतु मुख्य आरोपी हीटर नसून वाफ होय, असा त्याचा निष्कर्ष असतो, व तो शास्त्रशुद्धही असतो. कारण उघड्या टबातून लिटरभर पाणी वाफ होऊन गेले, तर जाताना ते दोनतृतीयांश युनिट उष्णता बरोबर नेते. म्हणून झाकणाचा बंदोबस्त कडेकोट. झाकणातील फोमने पाणी धरले की ते जड होते व उष्णता अडवीनासे होते, हे ठाऊक असल्याने दर रविवारी तो झाकणाची एक कड दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून, वजनाचा अदमास घेतो. गाळणी धुणे, टबाचा पत्रा उघडून आतील नळ्यांना नमद्याचे वेष्टण घालणे, वाऱ्याच्या बाजूस आडोसा उभारणे, ही कामे नेमाने चालतात.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. संकुलाचा जनरेटर धडधडू लागताच प्रीपेड मीटरवर चढा दर लागू होतो. अशा समयी टबात प्रत्यक्ष जावई बसला असला तरी हीटर तत्काळ तहकूब होतो, आणि जावयास थंडीने जी कैफियत द्यावयाची असेल ती लेखी द्यावी लागते.

"अहो, बंबात लाकडं घालावी लागायची, डोळ्यांत धूर जायचा," सौभाग्यवती म्हणतात, "पण निदान अंघोळ तरी व्हायची!"

यावर त्याच्यापाशी उत्तर नसते, वही असते. तीत झाकण, गाळणी, आडोसा, मीटर या सर्वांची खाती आहेत. स्नानाचे खाते तेवढे उघडलेलेच नाही. त्याची काटकसर बिनचूक आहे. तिचा उपभोग घेण्यास मात्र माणूस कमी पडतो. सबब वाचकांस विनंती, की अशा गृहस्थाचे निमंत्रण आल्यास अनमान न करता जावे, टबात यथेच्छ डुंबावे, आणि निघताना झाकण नीट लावावे.