पॅरिस ते पौड रोड, व्हाया गच्ची

आमच्या सोसायटीत हल्ली कुणी ‘मला नको’ असं म्हणत नाही. ‘जागतिक परिस्थिती बघता’ असं म्हणतात. रखवालदाराने पगारवाढ मागितली तेव्हा अमेरिकेत मंदी येऊ घातली होती. रंगकाम पुढे ढकललं तेव्हा युक्रेनमध्ये युद्ध पेटलं होतं. तळमजल्यावरच्या फरसाणवाल्याने एप्रिल २०२२ मध्ये शेवेचा भाव चढवला, कारण इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली होती. कारण अगदी खरं होतं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. फक्त इंडोनेशियाने ती बंदी महिना पुरा व्हायच्या आत, २३ मे रोजी उठवली. शेवेवरची भाववाढ अजून उठलेली नाही.

खरं तर या हवेत माझे दिवस फिरायला हवे होते. वर्तमानपत्राचं परदेशाचं पान मी रोज शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि वाचलेलं लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो. परिणामी बऱ्याच सभासदांना जिन्याने जायची सवय लागली आहे. विजेच्या बचतीतलं माझं हे पहिलं योगदान.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. घराला तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजारांचं अनुदान आणि सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. मी त्याच संध्याकाळी सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उत्तम! तुम्हीच मांडा की सभेत.” ज्या विषयाची वाट लावायची असते त्यालाच ते हे वाक्य वापरतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी सादरीकरण तयार केलं. नाव दिलं, ‘पॅरिस ते पौड रोड’. सुरुवात २०१५च्या पॅरिस कराराने, तापमानवाढ दीड अंशाच्या आत रोखायचा प्रयत्न वगैरे. मग हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचा आलेख. १९५८ साली तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ३१५ भाग होता, आज तो ४२०च्या वर गेलाय. मग कोळसा, मग कच्चं तेल, मग व्याजदर. रंगीत तालीम घरात झाली. ही सोफ्यावर बसून भाजी निवडत होती. गवार संपली तरी मी अजून हवाई बेटांवरच होतो.

“अहो, यात आपली गच्ची कधी येते?”

“शेवटी. आधी पार्श्वभूमी नको?”

“लोक आधी विचारतील, किती द्यायचे. पार्श्वभूमी नाही विचारणार.”

मी तिला सांगितलं, की सामान्य माणसाच्या समजेबद्दल तिचं मत फार खालचं आहे.

मे महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. वेळ सहाची, जागा पार्किंग. सहा वाजता मी, प्रोजेक्टर आणि सेक्रेटरी एवढेच हजर होतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे हा विधी इतका मुरलेला आहे, की लोक घरातून निघतातच साडेसहाला. पडदा नव्हता, म्हणून दोन खांबांमध्ये घरातली चादर बांधली होती. चादरीवर सूर्यफुलं होती. मौना लोआचा आलेख दोन सूर्यफुलांच्या मधून निघून तिसऱ्याच्या देठापाशी संपला. मुलांना तो फार आवडला.

चौथ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्यांदा उठले. “अमेरिकेच्या फेडने व्याजदर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर धरून ठेवलेत. आपला रेपो साडेसहा. आता पैसे मुदत ठेवीत ठेवायचे, का काचेच्या पत्र्यात घालायचे? दर उतरू देत, मग बघू.” युक्तिवाद वजनदार होता. २०२२च्या मेपर्यंत तोच रेपो चार टक्के होता. तेव्हा लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला असता काका म्हणाले होते, “दर इतके खाली आहेत, ठेवीवर काहीच सुटत नाही, खर्च कुठून करायचा?” म्हणजे फेडने काहीही केलं तरी काकांचे पैसे सुरक्षित.

मग एक तरुण सभासद उठला. चिनी माल नको, ही त्याची तात्त्विक भूमिका त्याने चिनी मोबाइल हातात धरून मांडली. अनुदान हवं असेल तर पॅनेल भारतीय बनावटीचीच लागतात आणि परदेशी पॅनेलवर एप्रिल २०२२ पासून ४० टक्के आयात शुल्क आहे, हे मी सांगितलं. इथवर माझं ठीक चाललं होतं. तेवढ्यात आम्ही बोलावलेला सोलरवाला म्हणाला, “फक्त इन्व्हर्टर चीनचा येईल. तो जरा लेट होईल. लाल समुद्रात गडबड चालू आहे ना.”

परदेशाचं पान ज्या क्षणासाठी वाचायचं तो हाच. मी चादरीवर जगाचा नकाशा आणला. “चीनहून मुंबईला येणारं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून येतं. लाल समुद्र आपल्या पश्चिमेला. तुमचा इन्व्हर्टर लाल समुद्रात काय करतोय?”

पार्किंगमध्ये हशा पिकला. सोलरवाला मात्र ढिम्म. “सर, तुमचं बरोबर आहे. पण युरोपला जाणारी जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून जातात. फेरीला जास्त दिवस लागतात. म्हणजे जहाजं कमी पडतात, कंटेनर अडकतात, भाडी सगळीकडेच वाढतात.” हशा पुन्हा पिकला, या वेळी तोंड माझ्याकडे करून. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. नकाशा पुसायचं बटण मला सापडेना. बराच वेळ आफ्रिका सूर्यफुलांवर तशीच लोंबत राहिली.

इथवर जगाचा वापर ज्याने त्याने आपापलं जुनं मत टेकवायला केला होता. निफाडकडचे एक सभासद उठले तेव्हा सूर बदलला. गावाकडे त्यांचा कांदा असतो आणि एरवी ते सभेत बोलत नाहीत.

“तुमची चादर झाली असेल तर मी सांगतो,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी एल निनो आला. ऑगस्ट इतका कोरडा गेला, की १९०१ पासून तसा ऑगस्ट नाही, असं हवामान खातंच म्हणतं. सरकारला महागाईची धास्ती. आधी जुलैत तांदळाची निर्यात बंद. ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद. ती आत्ता मेच्या चार तारखेला उठली, ऐन निवडणुकीत, आणि तीही शुल्क ठेवूनच. पाऊस नाही म्हणून माल कमी आला, तो मी सोसला. मग माल कमी आला म्हणून भाव चढला असता, तोही मिळू दिला नाही. शहरात कांदा महागू नये हे मला पटतं, माझी सूनही इथेच विकत घेते. पण जगाची काळजी कुणीही करो, बिल कुणाच्या नावाने फाटतं तेवढं आधी सांगा.”

पार्किंग गप्प झालं. माझ्या सादरीकरणात एल निनोची पाटी होती. प्रशांत महासागराचं तांबडं-निळं चित्र, बाण, तापमान, सगळं होतं. निफाड नव्हतं.

हा धागा पहिल्या मजल्याने लगेच पकडला. “आम्ही लिफ्ट वापरत नाही. वीस वर्षं सातवा मजला वर-खाली करतोय. आता लिफ्टचं बिल वाचवायला आम्ही का पैसे भरायचे?” त्यांना मी आनंदाच्या भरात सांगितलं, की १९९२ साली रिओमध्ये गरीब देशांनी हेच म्हटलं होतं. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, अमेरिकनामागे चौदा-पंधरा टन. ज्यांनी आजवर लिफ्ट वापरली त्यांनी जास्त भरावं, हा भारताचा तिथला पहिल्या मजल्याचा दावा. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं, तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं. हे ऐकून पहिल्या मजल्याने आपण भारत असल्याचं जाहीर केलं. सातव्या मजल्याला अमेरिका म्हटल्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण ते सुखावलेले दिसले. मी स्वतः सहाव्यावर राहतो. एका उदाहरणात मी स्वतःची वर्गणी वाढवून घेतली होती.

एवढ्यात वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली.

प्रोजेक्टर विझला. चादर अंगावर आली. अंधारात कुणीतरी म्हणालं, “बघा! सोलर असतं तर आत्ता दिवे गेले नसते!” आणि एकदम वातावरण फिरलं. “खरंच की!” “लिफ्टमध्ये माणूस अडकायला नको.” “घ्या मंजूर!” निवृत्त काकासुद्धा म्हणाले, की फेडचं काय, ते बघत बसलो तर जन्म जाईल. ठराव हातातोंडाशी आला होता. गप्प बसण्यापलीकडे मला काहीही करायचं नव्हतं.

पण चुकीची माहिती माझ्या समोरून जिवंत जाऊ शकत नाही. “एक दुरुस्ती,” मी चादरीतून म्हणालो. “पहिली गोष्ट, आत्ता सूर्य मावळलाय. दुसरी, ग्रिडला जोडलेला सौर संच वीज गेली की भर दुपारीसुद्धा आपोआप बंद पडतो. पडावंच लागतं, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. दिवे चालू हवे असतील तर बॅटरी लागेल, आणि तिचा खर्च यात धरलेला नाही.”

“मग उपयोग काय त्याचा?” अंधारातून प्रश्न आला.

“वायरमन जिवंत राहतो,” मी म्हणालो. हे उत्तर तेव्हा मला फार मार्मिक वाटलं होतं.

मेणबत्त्या आल्या तोवर बहुमत गेलं होतं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर विषयाची वाट लागल्याचं समाधान पसरलं. त्यांनी ‘विषय पुढील सभेत’ असं लिहायला घेतलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. इतका वेळ त्या शेवटच्या खुर्चीवर बसून होत्या आणि साऱ्या सभेत जगाचं नाव न काढलेल्या त्या एकट्याच.

“गच्ची किती अडणार?”

“वीस किलोवॅटला अंदाजे दोन हजार चौरस फूट,” सोलरवाला म्हणाला.

“म्हणजे सगळीच. मग कुरडया कुठे घालायच्या?”

मी म्हणालो, की पॅनेल उंच मांडणीवर बसतात, खाली भरपूर जागा राहते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “खाली सावली असेल ना? तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, सावलीत कुरडया वाळवायच्या?” माझ्या तोंडून सूर्याचा एवढा जप झाला होता, पण त्याच्यावर आधीपासून कुणाचा हक्क आहे हे पाहायचं राहून गेलं होतं.

काकूंनी सभेच्या नोटिशीच्या पाठीमागे मेणबत्तीच्या उजेडात हिशेब मांडला. अर्धी गच्ची वाळवणाला, अर्धी सोलरला. दहा किलोवॅट. खर्च सहा लाख, अनुदान एक लाख ऐंशी हजार, उरले चार लाख वीस हजार. चाळीस घरं, घरटी साडेदहा हजार. किलोवॅटला दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला बाराशे, युनिटला दहा रुपये धरले तर बारा हजार वाचले. घरटी महिन्याला तीनशे. “तीन वर्षांत पैसे फिटले. पुढचं फुकट. पहिल्या मजल्याने तीन हप्त्यांत द्यावेत, पंपाचं पाणी तेही पितातच. कुणाला काही विचारायचंय?”

निफाडकरांनी अनुमोदन दिलं. बिल कुणाच्या नावाने फाटणार ते त्यांना कळलं होतं. ठराव मेणबत्ती संपायच्या आत मंजूर झाला. माझी ही मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

आता गच्चीचा जो अर्धा भाग सोलरला आला, त्यावर दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली पडते. उन्हाचा चांगला अर्धा भाग कुरडयांना गेला आहे. माझा सौर उपसमितीचे अध्यक्ष म्हणून सत्कार झाला. उपसमितीत मी एकटाच आहे. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून सकाळी बादली-फडकं घेऊन वर जातो. वाळवणाच्या दिवसांत वर आहेच तर कबुतरंही हाकलावीत, असा काकूंचा तोंडी ठराव आहे. युनिट कमी पडले की लोक मला जिन्यात अडवून जाब विचारतात. मी ढगांचं, मोसमी वाऱ्यांचं कारण सांगू लागलो, की म्हणतात, “टाकीची सावली आहे हो ती!”

पण बिल उतरलं, हे नाकारता येणार नाही. वाचलेल्या पैशांचं काय करायचं, यासाठी नुकतीच सभा झाली. तापमान वाढत चाललंय, दुपारी बसवत नाही, तेव्हा त्या पैशातून सोसायटीच्या कार्यालयाला एसी घ्यावा, असा प्रस्ताव आला. इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स याने १८६५ साली हेच दाखवून दिलं होतं. इंजिनं कमी कोळशात चालू लागली, की देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त खपतो. माझ्याकडे त्यावर एक पाटी तयार होती. मी उठलो, सगळ्यांनी धसका घेतला.

“अनुमोदन,” मी म्हणालो. सौर उपसमितीचं टेबल त्याच कार्यालयात आहे, आणि एसी दीड टनी असावा एवढीच मी दुरुस्ती सुचवली.